विग्रह बरोबर, व्युत्पत्ती चुकीची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत लांबलचक जर्मन शब्दांवर आलेला लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा कौतुकाने, कारण मराठी वर्तमानपत्रात जर्मन समासांना अर्धे पान मिळावे ही माझ्यासारखीला सणासुदीसारखी गोष्ट. दुसऱ्यांदा मात्र हातात पेन्सिल घेऊन बसले. लेखात म्हटले आहे, की जर्मन जोडशब्द फोडला की त्याचा जन्म आपोआप कळतो. आणि त्याला पहिलेच उदाहरण दिले आहे ते 'हेंगेमाटे' या शब्दाचे. हेंगेन म्हणजे टांगणे, माटे म्हणजे चटई, म्हणून हेंगेमाटे म्हणजे टांगलेली चटई; दोन झाडांना बांधलेला झुलता बिछाना, ज्याला आपण हल्ली सर्रास हॅमॉक म्हणतो.

हे चूक आहे. आणि हीच चूक मी स्वतः अकरा वर्षे वर्गात शिकवली आहे, म्हणून हे पत्र लिहिल्यावाचून राहवत नाही.

मी पुण्यातल्या एका शाळेत १९८७ पासून एकतीस वर्षे आठवी ते दहावीच्या मुलांना जर्मन शिकवले. समासाचा धडा माझा सगळ्यांत आवडता. आमच्या आधीच्या तासाला मराठीच्या बाईंनी तत्पुरुष, कर्मधारय नुकतेच घोटून घेतलेले असायचे, त्यामुळे 'विग्रह करा' म्हटले की मुले लगेच पेन सरसावून बसत. मी फळ्यावर दोन रंगांच्या खडूंनी शब्द लिहायचे. 'क्यूलश्रांक', थंड कपाट, म्हणजे फ्रिज. 'हांटशू', हाताचा जोडा, म्हणजे हातमोजा. जोडा म्हटल्यावर मुले हसत, मग मी विचारायचे, 'आपण तरी काय म्हणतो? हाताचा मोजाच ना?' तोवर वर्ग ताब्यात आलेला असे आणि तिसरा शब्द मी लिहायचे हेंगेमाटे. पिवळ्या खडूने हेंगे, पांढऱ्याने माटे. झुलती चटई. कर्मधारय. एवढा स्वच्छ विग्रह दुसऱ्या कुठल्या शब्दाचा होत नाही असे मला वाटायचे.

१९९८ च्या पावसाळ्यात तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. 'मॅडम, मग इंग्रजीत हॅमॉक का म्हणतात? दोन्ही एकसारखंच ऐकू येतं.' मी म्हटले, 'इंग्रजी आणि जर्मन बहिणी आहेत, म्हणून.' तिने मान डोलावली आणि ते वहीत लिहून घेतले. तिचे ते लिहून घेणे मला आजही दिसते.

इंग्रजी आणि जर्मन बहिणी आहेत हे खरेच. पण बहिणींमधले सारखे शब्द ठरावीक नियमाने सारखे असतात, आणि 'हॅमॉक'मधल्या 'मॉक'चा 'माटे'शी कोणत्याच नियमाने मेळ बसत नाही. हे मला तेव्हाही कळायला हवे होते. तास संपायला पाच मिनिटे उरली होती आणि मी हाताशी आलेले उत्तर देऊन मोकळी झाले.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुटीत मी ग्रंथालयात क्लुगे यांचा जर्मन व्युत्पत्तिकोश उघडला होता. फ्रीडरिश क्लुगे यांच्या या कोशाची पहिली आवृत्ती १८८३ ची, आणि नंतरच्या पिढ्यांतले अभ्यासक तो सुधारत आले आहेत. मला हवा होता 'हेन्झेल्न', म्हणजे चिडवणे, हा शब्द. तो शोधता शोधता जरा वर नजर गेली आणि हेंगेमाटे दिसला. त्या नोंदीत चटईला जागाच नव्हती. होती ती फक्त शेवटच्या टप्प्यावर, मागाहून डकवलेली.

शब्दाची खरी वाट अशी आहे. कॅरिबियन समुद्रातल्या बेटांवर, म्हणजे आजच्या क्यूबा, हैती, डोमिनिकन प्रजासत्ताक, पोर्तो रिको आणि बहामाज या भागात, ताइनो नावाचे लोक राहत. त्यांच्या झुलत्या बिछान्याला ते 'हामाका' म्हणत. १४९२ च्या ऑक्टोबरात कोलंबस तिथे पोचला. त्याची मूळ रोजनिशी हरवली, पण बार्तोलोमे दे लास कासास या धर्मगुरूने तिचा करून ठेवलेला गोषवारा उपलब्ध आहे. त्यात ३ नोव्हेंबरच्या दिवशी लिहिले आहे, की बेटावरचे लोक होड्यांतून जहाजापाशी आले, कातलेला कापूस आणि ज्यांत ते झोपतात ती जाळी, म्हणजे हामाका, देवघेवीसाठी घेऊन. हामाका हा शब्द स्पॅनिशने जसाच्या तसा उचलला. फ्रेंचमध्ये त्याचा 'आमाक' झाला. इंग्रजांनी आधी 'हामाका'च लिहिले आणि मग त्याचे शेपूट बदलून हॅमॉक केले. सोळाव्या शतकातल्या जर्मन मजकुरांतही हा शब्द 'हामाको' असल्या परक्या रूपातच येतो.

मग तो डच खलाशांच्या तोंडी पडला. बिछाना तर डोळ्यांसमोर लोंबकळतोय, आणि डच भाषेत लोंबकळण्याला 'हांगेन' म्हणतात. 'हामाक'चा झाला 'हांगमाक'. आता पुढचा अर्धा भाग समजला, मागचा 'माक' मात्र अजून निरर्थकच. त्याच्या अगदी शेजारी 'मात' म्हणजे चटई हा शब्द तयारच होता. एका व्यंजनाचा फरक. 'हांगमाक'चा 'हांगमात' झाला, आणि सतराव्या शतकात जर्मनांनी त्याचे आपल्या भाषेत शब्दशः 'हेंगेमाटे' करून टाकले. जर्मनमध्ये 'हेंगे' जोडून झालेले खरे समास पुष्कळ आहेत: हेंगेब्र्यूके म्हणजे झुलता पूल, हेंगेलांपे म्हणजे टांगता दिवा. त्या पंगतीत हा पाहुणा असा बेमालूम बसला, की घरच्यांनाही ओळखू येत नाही.

नोंद वाचून मी पुस्तक मिटले तेव्हा मला आठवली ती वेंगुर्ल्याची रापण. माझे माहेर वेंगुर्ल्याचे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे भलेमोठे जाळे. ते विरले, फाटले की त्याचे तुकडे मागीलदारी पडून असत. माझा थोरला भाऊ मे महिन्यात त्यातला एक तुकडा दोन माडांना सुंभाने बांधायचा आणि आम्ही भावंडे आळीपाळीने त्यात झोपायचो. सरळ उताणे झोपले की पाठीची कमान व्हायची आणि दोन्ही कडा अंगावर मिटायच्या. जरा तिरके, कोपऱ्याकडे पाय करून झोपले की जाळे पसरायचे आणि पाठ सपाट व्हायची. उठल्यावर दंडांवर आणि पाठीवर गाठींचे चौकोन उमटलेले असत. आजी ते बघून म्हणायची, 'आज पेडवे गावले वाटता जाळ्यात!' तर सांगायचे असे, की हा बिछाना चटई नाही, जाळे आहे, हे माझ्या पाठीला माहीत होते. कोलंबसाने पाहिली ती जाळीच. चटई अंथरायची असते, तिला चार कडा असतात, ती टांगली तर दुमडून मधोमध पडेल. शब्दात चटई दिसली म्हणून मी वस्तूकडे बघितलेच नाही.

वेंगुर्ल्याचीच आणखी एक आठवण इथे सांगितली पाहिजे. बंदराजवळ डचांच्या वखारीचे पडके अवशेष आहेत. आमच्या लहानपणी तिकडे जायला बंदी असायची, साप निघतात म्हणून. डच ईस्ट इंडिया कंपनीने १६३७ च्या सुमारास वेंगुर्ल्यात बस्तान बसवले. गोव्याच्या पोर्तुगीजांची कोंडी करायची तर जवळ ठाणे हवे होते. या कंपनीच्या जहाजांवर डचांच्या जोडीने जर्मन भाषा बोलणारे खलाशी आणि शिपाईही मोठ्या संख्येने असत. म्हणजे हांगमाकचे हांगमात आणि हेंगेमाटे होत होते त्याच शतकात, त्याच भाषा बोलणारी माणसे आमच्या बंदरात उतरत होती. यावरून काही सिद्ध होत नाही. पण त्या भिंती आता मला निराळ्या वाटतात.

आपल्या लेखकांना वाटेल, एका शब्दाचे काय एवढे. एकाच शब्दाचा प्रश्न असता तर मीही पेन्सिल खाली ठेवली असती. पण 'फोडा म्हणजे जन्म कळेल' हा नियमच जर्मनमध्ये जागोजागी फसतो. 'फ्रीडहोफ' म्हणजे दफनभूमी. फ्रीडेन म्हणजे शांती, होफ म्हणजे अंगण. शांतीचे अंगण, किती छान वाटते! मीही हे कधी काळी डोळ्यांत पाणी आणून सांगितले आहे. प्रत्यक्षात जुन्या जर्मनमध्ये हा 'फ्रीतहोफ', म्हणजे चर्चभोवतीचे राखलेले, कुंपण घातलेले आवार. जुन्या जर्मनमधला लांब 'ई' पुढे 'आइ' झाला, 'मीन'चा 'माइन' झाला, त्या नियमाने याचे आज 'फ्राइटहोफ' व्हायला हवे होते, आणि बव्हेरिया-ऑस्ट्रियाकडच्या बोलींत ते रूप आहेही. प्रमाण भाषेत मात्र लोकांना त्यात शांती ऐकू आली आणि तिने शब्दाचे रूपच थोपवून धरले. दुसरा शब्द 'माउलवुर्फ'. हा जमिनीखाली बोगदे खणणारा, मखमली अंगाचा छोटा प्राणी. आजच्या जर्मनमध्ये माउल म्हणजे जनावराचे तोंड, म्हणून माउलवुर्फ म्हणजे तोंडाने माती फेकणारा. पण तो खणतो पुढच्या रुंद पंजांनी! शब्दाचा पहिला भाग मुळात 'ढीग' या अर्थाचा होता, तो लोक विसरले, मग त्यांनी तिथे माती या अर्थाचा शब्द ऐकला, आणि तोही जुना झाल्यावर तोंड ऐकले. एकाच शब्दात तीन पिढ्यांची समजूत एकावर एक बसली आहे. 'मुर्मेलटीअर', पुटपुटणारे जनावर, हा आल्प्स पर्वतातला प्राणी. त्याच्या नावात पुटपुटणे कुठेच नव्हते, लॅटिनमधला 'डोंगरातला उंदीर' होता.

यालाच जर्मनमध्ये 'फोल्क्सएटिमोलोगी' म्हणतात, लोकव्युत्पत्ती. हा पारिभाषिक शब्द एर्न्स्ट फ्योर्स्टेमान या अभ्यासकाने १८५२ मध्ये रूढ केला. हाच माणूस पुढे ड्रेस्डेनच्या ग्रंथालयाचा प्रमुख झाला आणि तिथे जपलेल्या माया लोकांच्या पोथीतली कालगणना त्याने उलगडली. ज्याने लोकांच्या कानाचे हे कसब ओळखून त्याला नाव दिले, तोच अटलांटिकपलीकडच्या एका जुन्या संस्कृतीची पोथी वाचत बसला होता, हे मला फार आवडते.

'लोकव्युत्पत्ती' म्हटले की आपल्याकडे नाक मुरडायची पद्धत आहे, अडाण्यांची व्युत्पत्ती म्हणून. मला ते पटत नाही. त्या डच खलाशाने काही चूक केली असे मी मानत नाही. परका शब्द कानावर पडला, त्याने तो आपल्या घरातल्या शब्दांच्या साच्यात बसवला, आणि तो चारशे वर्षे टिकला. आपणही तेच केले आहे. गोऱ्या पहारेकऱ्याच्या 'हू कम्स देअर'चा आपल्या शिपायांनी 'हुकूमदार' केला. त्या अंधारात हुकूम सोडणारा तो दार अडवून उभा होता, अर्थ किती चपखल बसला! 'रिक्रूट'चा 'रंगरूट' झाला. पोर्तुगीज 'कार्तुश'चे आपण 'काडतूस' केले, त्यात काडी आली, तूस आला. हे कसब आहे. चूक होते ती पुढे, आपल्यासारख्या शिकवणाऱ्यांकडून आणि लिहिणाऱ्यांकडून, जेव्हा आपण आजचा विग्रह हाच शब्दाचा जन्मदाखला म्हणून मुलांच्या हातात देतो. विग्रह सांगतो, की शब्द आज बोलणाऱ्याला कसा समजतो. व्युत्पत्ती सांगते, की तो कोणाकोणाच्या हातून आला. हुकूमदारचा विग्रह 'हुकूम देणारा' असा करून कोणी तो फारसीतून आला म्हणून शिकवले तर आपण मराठी शिक्षक त्याला लगेच थांबवू. मग जर्मनला तोच न्याय का नाही?

माझी कळकळ आहे ती मुख्यतः ताइनो लोकांसाठी. १४९२ नंतरच्या पन्नास-साठ वर्षांत त्यांची वस्ती होत्याची नव्हती झाली. सोन्याच्या खाणींतली वेठ, उपासमार, मारहाण, आणि १५१८ च्या अखेरीस आलेली देवीची साथ. त्यांचे वंशज आजही त्या बेटांवर आहेत आणि स्वतःला अभिमानाने ताइनो म्हणवतात, पण त्यांची भाषा बोलणे थांबले. मागे राहिले ते शब्द, तेही दुसऱ्यांच्या भाषांत विखुरलेले. जर्मन हवामानखाते वादळाचा इशारा देताना 'ओर्कान' म्हणते, तो त्यांचा 'हुराकान'. 'कानू' ही होडी त्यांची. मक्याला जर्मन 'माइस' म्हणतात, तो शब्दही त्यांचाच. हे सगळे शब्द निदान परके दिसतात, कोणी कधीतरी विचारेल की हे कुठले. हेंगेमाटे मात्र इतका जर्मन दिसतो, की त्याच्याबद्दल कोणी विचारणारच नाही. त्याच्या पोटातले ताइनो नाव दिसेनासे झाले आहे, आणि 'टांगलेली चटई' असे छापले की ते आणखी एक हात खोल जाते.

आपला त्यांच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल त्याने आज स्वयंपाकघरात डोकवावे. 'बटाटा' हा शब्द पोर्तुगीजांनी आणला, पण त्यांनी तो घेतला ताइनोंच्या 'बटाटा'वरून. त्यांच्याकडे तो शब्द होता रताळ्याचा. वाटेत तो एका कंदावरून दुसऱ्या कंदावर सरकला. म्हणजे उपासाला आपण रताळे आणि बटाटा एकाच ताटात वाढतो तेव्हा त्यातल्या रताळ्याचे मूळ नाव बटाट्याने घेतलेले असते. जर्मन माणूस सुटीत ज्यात झोपतो त्याचे नाव आणि आपल्या वड्यात जे भरतात त्याचे नाव, दोन्ही एकाच बेटांवरून निघाली. जर्मनांनी आपल्या शब्दाला जर्मन कपडे चढवले. आपण आपला जवळजवळ जसाच्या तसा ठेवला.

तेव्हा विनंती अशी, की पुढच्या रविवारी पुरवणीत एक छोटी चौकट द्यावी आणि हेंगेमाटेच्या जागी हांटशू किंवा क्यूलश्रांक घालावा. ते दोन्ही शब्द फोडले की खरोखर तेच निघते जे दिसते. लेखकांचा बाकीचा लेख मला मनापासून आवडला, विशेषतः जोडशब्दाचे लिंग शेवटच्या पदावरून ठरते हे त्यांनी ज्या सोप्या रीतीने सांगितले आहे ती रीत मला एकतीस वर्षांत सुचली नव्हती.

दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा मी त्या वर्गाला सगळे नीट सांगितले. पण ती तिसऱ्या बाकावरची मुलगी तोवर वडिलांच्या बदलीमुळे दुसऱ्या गावी गेली होती. तिच्या वहीत माझे चुकीचे उत्तर तसेच राहिले. आज ती चाळिशीची असेल. कदाचित आपले दैनिक वाचत असेल, आणि रविवारी तो लेख वाचून तिलाही वाटले असेल की बाईंनी सांगितले होते तेच बरोबर. तिला एवढेच सांगायचे आहे: बाळ, तुझा कान बरोबर होता. हॅमॉक आणि हेंगेमाटे हा एकच शब्द आहे.

आपली,
एक निवृत्त जर्मन शिक्षिका
कोथरूड, पुणे